चौघांनी मिळून गेम बनवायचा, तर अकाउंट एकच ठेवावं का?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सातवीत आहे, स्क्रॅच या वेबसाइटवर, म्हणजे मुलं ब्लॉक्स (कोडचे ठोकळे) जोडून प्रोग्राम बनवतात तिथे, छोटे गेम बनवते. आता वर्गातल्या दोन मैत्रिणी आणि स्क्रॅचवरच ओळख झालेला एक मुलगा अशा चौघांनी मिळून मोठा गेम करायचं ठरवलंय. त्या मुलाचं म्हणणं आहे, "तुझा पासवर्ड दे, मी थेट तुझ्याच प्रोजेक्टमध्ये कोड लिहितो." मैत्रिणी म्हणतात, त्यापेक्षा चौघांचं मिळून एक नवीन अकाउंट काढू. स्क्रॅचला हे चालतं का, आणि घरून हो म्हणावं का?

ताई, मी शाळेत संगणक शिकवते आणि मुलांचा स्क्रॅच क्लब चालवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो. आधी सरळ उत्तर देते. मुलीचं स्वतःचं अकाउंट कुणालाही वापरायला देऊ नका, अगदी शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीलासुद्धा नाही. चौघांचं वेगळं अकाउंट काढणं नियमात बसतं, पण बहुतेक वेळा त्याची गरज नसते. एकत्र काम मात्र जरूर करू द्या. त्याला नाही म्हणू नका. पासवर्डची भीती वाटली म्हणून पालक अख्खा उपक्रमच बंद करतात आणि त्यात मुलांचं फार नुकसान होतं.

नियमाचं आधी बघू, कारण याबद्दल गैरसमज खूप आहेत. अनेक शिक्षकसुद्धा सांगतात की सामायिक अकाउंटला स्क्रॅचवर बंदी आहे. तशी बंदी नाही. स्क्रॅचच्या नेहमीच्या प्रश्नोत्तरांमध्ये हा प्रश्न आहे आणि एका अकाउंटमध्ये एकाहून जास्त जणांनी लॉगिन केलेलं चालतं असं तिथे म्हटलंय. पण त्याच उत्तरात दोन इशारेही आहेत. एक, अनेकजण एकाच वेळी आत असले की वेबसाइट आणि एडिटर (जिथे प्रोजेक्ट बनवतात तो भाग) गोंधळतात. दोन, अकाउंटवरून कुणीही नियम मोडला तरी कारवाई अकाउंटवर होते, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या गोष्टीसाठी तुमची मुलगी ब्लॉक होऊ शकते. एकाच माणसाची चार अकाउंट्स असली तरी हरकत नाही, पण त्यातल्या एकाने नियम मोडले तर त्याच्याशी जोडलेली बाकीचीही बंद होऊ शकतात.

पहिला इशारा वाचताना किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात मुलांची भांडणं सगळ्यात जास्त त्यातूनच होतात, म्हणून तो नीट उलगडून सांगते. समजा दुपारी चारला तुमच्या मुलीने प्रोजेक्ट उघडलं आणि ती शत्रूच्या स्प्राइटची, म्हणजे गेममधल्या पात्राची, हालचाल लिहायला लागली. सव्वाचारला मैत्रिणीने आपल्या घरी त्याच अकाउंटमधून तेच प्रोजेक्ट उघडलं आणि स्कोअरचं काम हाती घेतलं. आता दोघींच्या स्क्रीनवर एकाच प्रोजेक्टच्या दोन वेगळ्या प्रती आहेत आणि एकीला दुसरीचं काम दिसत नाही. स्क्रॅच अधूनमधून आपोआप सेव्ह करत राहतं, आणि सेव्ह करतं ते अख्खं प्रोजेक्ट, बदललेला तेवढाच तुकडा नाही. त्यामुळे जिचं सेव्ह शेवटी झालं तिची प्रत टिकते आणि दुसरीचं तासाभराचं काम नाहीसं होतं. गूगल डॉक्समध्ये दोघीजणी एकाच पानावर लिहू शकतात आणि जुनी आवृत्तीही परत आणू शकतात. स्क्रॅचच्या एडिटरमध्ये यातलं काहीच नाही.

बारा वर्षांच्या मुलीला हे तांत्रिक कारण माहीत नसतं. तिला एवढंच दिसतं की काल लिहिलेले ब्लॉक्स आज गायब आहेत आणि पासवर्ड अमुक मैत्रिणीकडे आहे. मग "तूच डिलीट केलंस" सुरू होतं. माझ्या क्लबात याच कारणावरून दोन चांगले मित्र वेगळ्या बाकांवर बसायला लागले होते. दोघांपैकी कुणीही काही पुसलेलं नव्हतं. दोघांना शेजारी बसवून, दोन संगणकांवर तेच प्रोजेक्ट उघडून एकाचं सेव्ह दुसऱ्याचं काम कसं झाकून टाकतं ते दाखवलं, तेव्हा त्यांचा राग उतरला. तुम्हीही घरी हा प्रयोग मुलीला करून दाखवा. तिच्याच अकाउंटमध्ये, एक रिकामं प्रोजेक्ट दोन टॅबमध्ये उघडून. नुसतं समजावण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

आता त्या ऑनलाइन ओळखीच्या मुलाबद्दल. स्क्रॅचवर खासगी मेसेज पाठवायची सोयच नाही, आणि ती मुद्दामच ठेवलेली नाही. प्रोजेक्टखाली, प्रोफाइलवर, स्टुडिओत (अनेक प्रोजेक्ट एकत्र ठेवायच्या पानावर) जे काही लिहिलं जातं ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळे काही वावगं असेल तर कुणीही तक्रार करू शकतं. मग पासवर्ड द्यायचा कुठे? कॉमेंटमध्ये लिहिला तर जगाला कळणार. म्हणजे मुलांना व्हॉट्सअॅपवर नाहीतर डिस्कॉर्डवर जावं लागणार, आणि त्यासाठी फोन नंबर किंवा तिथली ओळख एकमेकांना द्यावी लागणार. देखरेख नसलेल्या चॅटच्या लिंक आणि वैयक्तिक माहिती देणं हे दोन्ही स्क्रॅचच्या सामूहिक नियमांविरुद्ध आहे. मला पासवर्डइतकीच, कदाचित जास्तच, काळजी याची वाटते. पासवर्ड उद्या बदलता येतो, पण एकदा बाहेरच्या चॅटवर सुरू झालेलं बोलणं तुमच्या नजरेआड चालत राहतं.

त्या मुलाचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. बहुधा तो तिच्याच वयाचा, उत्साही मुलगा असेल आणि त्याला पटकन कोड लिहायचा असेल. पण पलीकडे कोण बसलंय हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि तिलाही नाही. शिवाय पासवर्ड हातात आला की माणूस काय काय करू शकतो ते बघा. प्रोजेक्ट काढून टाकू शकतो, अकाउंटचा ईमेल बदलू शकतो, पासवर्ड बदलून मूळ मालकिणीलाच बाहेर ठेवू शकतो, अकाउंट बंद करायची प्रक्रियाही सुरू करू शकतो. कारण या सगळ्यासाठी स्क्रॅच ओळख म्हणून जे मागतं तो पासवर्डच असतो. त्यात मुलांचा पासवर्ड बहुतेक वेळा सगळीकडे एकच असतो, म्हणजे स्क्रॅचचा दिला की मेलचा आणि शाळेच्या अॅपचाही दिल्यासारखंच.

मुलीला नकार कसा द्यायचा हे शिकवावं लागतं. "माझ्यावर विश्वास नाही का?" हे ऐकलं की या वयाची मुलं विरघळतात, आणि समोरचं मूलही ते मनापासूनच विचारत असतं. माझ्या क्लबातल्या मुलांकडून मी एक वाक्य पाठ करून घेते: "पासवर्ड मी कुणालाच देत नाही, पण प्रोजेक्ट शेअर करते, तू रिमिक्स कर." रिमिक्स म्हणजे दुसऱ्याच्या प्रोजेक्टची आपल्या अकाउंटवर प्रत काढून त्यात बदल करणं. या वाक्यात समोरच्यावर संशय नाही आणि त्याला कामाची वाटही मिळते. 'कुणालाच' हा शब्द त्यात राहू द्या. वर्गातल्या मैत्रिणीला दिला आणि याला नाही दिला असं झालं की नकार त्याच्या जिव्हारी लागतो. म्हणून नियम सगळ्यांना सारखा हवा.

आता पासवर्ड न देता काम कसं करायचं.

स्क्रॅच २००७ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. एमआयटी मीडिया लॅबमधल्या मिचेल रेझनिक यांच्या गटाने ते ८ ते १६ वयाची मुलं डोळ्यांसमोर ठेवून बनवलं. दुसऱ्याचं प्रोजेक्ट आतून उघडून बघणं आणि त्यातून आपलं काही तयार करणं हा त्याचा गाभाच आहे. शेअर केलेल्या प्रत्येक प्रोजेक्टला क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लागू होतो: श्रेय द्या, आणि तुम्ही बनवलेलंही त्याच अटींवर पुढे जाऊ द्या. २०१३ मध्ये स्क्रॅच २.० आलं, एडिटर ब्राउझरमध्ये आला आणि त्याच्यासोबत बॅकपॅक आली. चार अकाउंट्समधून एक गेम बनवायला हीच बॅकपॅक सगळ्यात उपयोगी पडते, आणि नवल म्हणजे बऱ्याच मुलांनी ती कधी उघडलेलीच नसते.

एडिटरच्या अगदी तळाशी बॅकपॅकची पट्टी असते. तिच्यात स्प्राइट, ब्लॉक्सचा गठ्ठा, कॉस्च्यूम (स्प्राइटचं एकेक रूप), आवाज, काहीही ओढून टाकता येतं, आणि मग दुसरं प्रोजेक्ट उघडून तिथे बाहेर काढता येतं. बॅकपॅक अकाउंटची असते, प्रोजेक्टची नाही. म्हणून काम असं चालतं: चित्रं चांगली काढणारी मैत्रीण आपल्या अकाउंटवर फक्त राक्षसाचा स्प्राइट बनवते आणि ते प्रोजेक्ट शेअर करते. तुमची मुलगी आपल्या अकाउंटमध्ये लॉगिन असतानाच ते उघडते, 'सी इनसाइड' बटण दाबून आतला भाग बघते, राक्षस उचलून आपल्या बॅकपॅकमध्ये टाकते, मग मुख्य गेम उघडून तिथे सोडते. राक्षस त्याच्या सगळ्या कॉस्च्यूम्ससकट आणि कोडसकट येतो. कुणी कुणाच्या अकाउंटमध्ये गेलेलं नाही आणि कुणाचं काम पुसलेलंही नाही.

यासाठी मुख्य प्रत कुणा एकीच्याच अकाउंटवर हवी आणि त्यात भर घालायचं काम तिनेच करायला हवं. चौघांपैकी जिला घाई कमी आणि टापटीप जास्त तिला हे द्या. कोड सर्वांत चांगला लिहिणारं मूल या कामाला बरेचदा योग्य नसतं, कारण त्याला दुसऱ्याचा कोड जोडण्याऐवजी नव्याने लिहायचा मोह होतो.

कामाची वाटणी लेव्हलप्रमाणे करू नका, स्प्राइटप्रमाणे करा. मुलांना आपोआप सुचतं ते "लेव्हल एक तुझी, लेव्हल दोन माझी". पण स्क्रॅचमध्ये कोड स्प्राइटच्या पोटात राहतो. दोन लेव्हल दोघींनी केल्या की नायकाचा स्प्राइट दोघींकडे वेगवेगळा तयार होतो आणि जोडताना दोन नायक समोर उभे राहतात. त्यापेक्षा नायक एकीचा, शत्रू दुसरीचा, पार्श्वभूमी आणि आवाज तिसरीचे, सुरुवातीची स्क्रीन आणि स्कोअर त्या मुलाचा, अशी वाटणी टिकते.

आणि सुरुवातीलाच एका कागदावर नावं ठरवा. कोणकोणते ब्रॉडकास्ट मेसेज (एका स्प्राइटने बाकीच्यांना दिलेले इशारे) पाठवायचे, त्यांची नेमकी अक्षरं काय, सगळ्या स्प्राइट्सना लागणारी व्हेरिएबल्स (गुणांसारखे बदलते आकडे साठवायच्या जागा) कोणती. एकीने 'गुण' लिहिलं आणि दुसरीने 'स्कोअर' लिहिलं, तर एकत्र केल्यावर दोन वेगळी व्हेरिएबल्स होतात. राक्षस मरतो पण गुण वाढत नाहीत, आणि चूक शोधता शोधता संध्याकाळ जाते. ज्या व्हेरिएबलचं काम एकाच स्प्राइटपुरतं आहे ते बनवताना 'फॉर धिस स्प्राइट ओन्ली' निवडायला सांगा, म्हणजे दुसऱ्याच्या नावाशी गाठ पडणार नाही. हा कागद म्हणजे चौघांमधला करार. मोठे प्रोग्रामरही एकत्र काम करताना हेच करतात, आणि एक पासवर्ड वाटून घेणारी मुलं नेमकं हेच शिकायचं चुकवतात. सगळं एकाच जागी पडलेलं असलं की ठरवून घेण्याची गरजच वाटत नाही.

त्या मुलाला थेट गेमच्या कोडमध्येच बदल सुचवायचे असतील तर रिमिक्स आहे. मुख्य गेम शेअर करा, तो रिमिक्स करून त्याच्या अकाउंटवर बदल करेल आणि शेअर करेल. मुलगी त्याचं रिमिक्स उघडून, तपासून, पटलेले ब्लॉक्स बॅकपॅकमधून आणेल. तपासून हा शब्द महत्त्वाचा आहे. दुसऱ्याचा कोड वाचून तो काय करतो हे समजल्याशिवाय आत घ्यायचा नाही, ही सवय सातवीत लागली तर फार चांगलं.

इथे मुलं एक अडचण सांगतील: शेअर केल्याशिवाय दुसऱ्याला दिसत नाही, आणि अर्धवट गेम सगळ्यांसमोर टाकायला लाज वाटते. त्यांना सांगा की शीर्षकातच 'काम चालू आहे' असं लिहा. स्क्रॅचवर असे अर्धवट प्रोजेक्ट भरपूर असतात आणि त्यांना कुणी हसत नाही. वर्गातल्या दोघींसाठी तर आणखी सोपं आहे. फाइल मेनूतून प्रोजेक्ट आपल्या संगणकावर उतरवून घेता येतं. ती एसबी३ फाइल पेनड्राइव्हवरून किंवा पालकांच्या मेलवरून द्या. एकच स्प्राइट हवा असेल तर त्यावर उजवं क्लिक करून तेवढाच एक्स्पोर्ट होतो. शनिवारी दोघी एका घरी जमून एकाच संगणकावर बसल्या, एकीच्या हातात माउस आणि दुसरी शेजारून सांगतेय, तर त्याइतकं छान काही नाही. तिथे पासवर्डचा प्रश्नच येत नाही.

बोलण्यासाठी एक स्टुडिओ काढा. मुलगी त्याची होस्ट, म्हणजे चालवणारी, बाकीचे तिघं क्युरेटर, म्हणजे त्यात प्रोजेक्ट टाकू शकणारे. सगळ्यांचे शेअर केलेले तुकडे तिथे एका जागी दिसतात आणि चर्चा स्टुडिओच्या कॉमेंट्समध्ये उघडपणे होते. तुम्हालाही कधी वाचावंसं वाटलं तर लॉगिन न करता वाचता येते. ऑनलाइन ओळखीच्या मुलाशी होणारं सगळं बोलणं तिथेच राहील, एवढी एक अट मात्र ठामपणे घाला.

श्रेयाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सामायिक अकाउंटमध्ये सगळ्यात आधी हरवतं ते हेच. एका अकाउंटवर चौघांनी काम केलं की बाहेरून फक्त एक युजरनेम दिसतं. राक्षस कुणी काढला, उडीचा कोड कुणी लिहिला, कुणालाच कळत नाही. पुढे चौघांचं फाटलं तर ज्याच्याकडे पासवर्ड राहतो त्याचाच गेम होतो. स्वतंत्र अकाउंट्स असली की प्रत्येकाचा तुकडा त्याच्या नावावर, तारखेसकट राहतो. रिमिक्स केल्यावर मूळ निर्मात्याचं नाव स्क्रॅच आपोआप दाखवतं, पण तेवढ्यावर थांबू नका. स्क्रॅचची ऑनलाइन वसाहत उभी करणाऱ्यांपैकी आंद्रेस मोन्रॉय-हर्नांडेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या अभ्यासात असं दिसलं की यंत्राने आपोआप दिलेल्या श्रेयापेक्षा माणसाने स्वतःच्या शब्दांत दिलेलं श्रेय मुलांना जास्त मोलाचं वाटतं. मुलांसोबत काम करताना मला हे रोज दिसतं. प्रोजेक्टच्या पानावर 'नोट्स अँड क्रेडिट्स' नावाची चौकट असते. "राक्षसाचं चित्र आणि त्याची चाल अमुक युजरनेमची, आवाज तमुकने रेकॉर्ड केले" असं तिथे लिहिलेलं वाचताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. खरी नावं मात्र लिहू नका, फक्त युजरनेम.

एवढं सांगूनही चौघांना गटाचं म्हणून एक अकाउंट हवंच असेल, तर मी अडवणार नाही. गटाला एक नाव असावं, आपण मिळून काहीतरी चालवतोय असं वाटावं, ही इच्छा चांगली आहे. अॅनिमेशनची मालिका वगैरे करणाऱ्या गटांना त्याचा उपयोगही होतो. पण मग ते अकाउंट नवं असावं, कुणाचंही जुनं नाही. त्याला ईमेल एखाद्या पालकाचा जोडा, कारण पासवर्ड विसरल्यावर रीसेटची लिंक तिथेच येते आणि शेवटी अकाउंट त्याच्याच ताब्यात राहतं. पासवर्ड इतर कुठेही वापरलेला नसावा. युजरनेममध्ये शाळेचं किंवा गावाचं नाव नको. पासवर्ड प्रत्यक्ष ओळख असलेल्या मैत्रिणींपुरताच ठेवा. ऑनलाइन मित्र आपल्या अकाउंटवरून रिमिक्सने काम करेल, आणि त्याचं नाव क्रेडिट्समध्ये सगळ्यांच्या बरोबरीने येईल. काम प्रत्येकीने आपापल्या अकाउंटवरच करायचं आणि तयार झालेला गेम तेवढा गटाच्या अकाउंटवर टाकायचा. म्हणजे दोघींनी एकाच वेळी उघडण्याची वेळच येत नाही. प्रत्येक मोठ्या बदलानंतर एसबी३ फाइल उतरवून घ्या, नावात तारीख घालून.

एक व्यावहारिक अडचणही आधीच सांगून ठेवा. नवं अकाउंट 'न्यू स्क्रॅचर' म्हणून सुरू होतं आणि पूर्ण स्क्रॅचर होईपर्यंत त्यावर क्लाउड व्हेरिएबल्स (वेबसाइटवर साठवलेले, सगळ्या खेळाडूंना सारखेच दिसणारे आकडे) चालत नाहीत. सगळ्या खेळाडूंचा मिळून हायस्कोअर दाखवायचा बेत असेल, तर तो गटाच्या नव्या अकाउंटवर लगेच जमणार नाही. मुलीचं जुनं अकाउंट तिथे कामी येईल.

गटातून कुणी बाहेर पडलं तर त्याच दिवशी पासवर्ड बदलायचा, भांडण झालेलं असो वा नसो. हे आधीच ठरलेलं असलं की त्यात कुणाचा अपमान होत नाही.

शाळेत असा गट चालवणाऱ्या शिक्षकांसाठी वेगळी सोय आहे. स्क्रॅचचं टीचर अकाउंट घेतलं तर वर्गातल्या प्रत्येक मुलाला स्वतंत्र अकाउंट देता येतं, त्यासाठी मुलांचा ईमेल लागत नाही, आणि कुणी पासवर्ड विसरलं तर शिक्षकच तो बदलून देतात. मुलांची आधीची अकाउंट्स त्यात आणता येत नाहीत, नवी काढावी लागतात. अख्ख्या वर्गाला एक अकाउंट देऊन सगळ्यांना त्यातच बसवणं अनेक ठिकाणी चालतं, ते कृपा करून थांबवा. तीस मुलांची कामं एकमेकांवर सेव्ह होत असताना तास घेणं अशक्य होतं.

मुलीने पासवर्ड आधीच देऊन टाकला असेल, तर रागावू नका. ती पुढच्या वेळी सांगायला आली पाहिजे. आज तिच्यासोबत बसा. पासवर्ड बदला. अकाउंट सेटिंग्जमध्ये जाऊन ईमेल तुमचाच आहे ना ते बघा. 'माय स्टफ' उघडून प्रोजेक्ट्स जागेवर आहेत का, आणि काही कचरापेटीत गेलंय का ते तपासा. तिथून परत आणता येतं. तिच्या नावाने कुठे कॉमेंट्स गेल्यात का ते पाहा. सगळ्या महत्त्वाच्या प्रोजेक्ट्सच्या फाइल्स संगणकावर उतरवा. तोच पासवर्ड इतर कुठे असेल तर तिथेही बदला. मग तिला त्या मुलाला स्टुडिओत लिहू द्या: "पासवर्ड बदललाय, आता आपण रिमिक्सने काम करू, हा घे गेम." त्याला खरंच कोड लिहायचा असेल तर तो लिहील.

सुरुवात मात्र छोट्या गोष्टीने करा. पहिल्या आठवड्यात चौघांनी फक्त एक स्क्रीन करायची: एक नायक, एक शत्रू, एक आवाज, एक स्कोअर. प्रत्येकाने आपला तुकडा आपल्या अकाउंटवर बनवायचा आणि मुख्य प्रतीत आणायचा. नावं कुठे जुळत नाहीत, बॅकपॅक कुणाला येत नाही, कोण उशीर करतं, हे सगळं त्या एका स्क्रीनवर कळेल, आणि कागदावरच्या करारात दुरुस्ती करायला वेळ असेल. ती स्क्रीन चालली की मोठा गेम हाती घ्या.